सरांना आडवे जायचे कसे?

आमची धावपट्टी पाहायला येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: विमानाला हॉर्न असतो का? नसतो. दुसरा प्रश्न त्यातूनच निघतो: मग समोरून दुसरे विमान आले तर? त्यासाठी नियम आहेत, असे मी सांगतो. पाहुण्यांचे समाधान होत नाही. नियम आमच्या गावच्या शहागंजातल्या रहदारीलाही आहेत.

हे नियम शिकवणे हे माझे सध्याचे काम. सुरुवात मात्र वर्तमानपत्रात झाली. औरंगपुऱ्यातल्या एका दैनिकात काही वर्षे उपसंपादक होतो. तिथल्या वृत्तसंपादकांनी दोन गोष्टी अंगी बाणवल्या: विशेषणे काढून टाक, आणि जे कळले नाही ते कळल्यासारखे लिहू नकोस. पुढे परीक्षा देऊन हवाई वाहतूक नियंत्रक झालो, वेगवेगळ्या विमानतळांच्या टॉवरमध्ये नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावी आलो. आता पैठणच्या बाजूला असलेल्या एका खासगी वैमानिक प्रशिक्षण संस्थेत हवाई नियम शिकवतो. वर्ग नसेल तेव्हा तिथल्या रेडिओच्या खोलीत बसतो.

या खोलीला पाहुणे टॉवर म्हणतात, पण ती टॉवर नव्हे. टॉवरमधला माणूस हुकूम देतो: थांब, वळ, उतर. आमच्या धावपट्टीवर तशी व्यवस्था नाही. मी वैमानिकाला वारा किती आहे आणि आसपास कोणते विमान कुठे आहे एवढेच सांगतो. पुढचा निर्णय वैमानिकाचा. आयुष्यभर हुकूम देऊन आलेल्या माणसाला ही खुर्ची सुरुवातीला फार टोचते.

धावपट्टीवर आधी कोण, या प्रश्नावर इथे सगळ्या प्रकारची माणसे भेटली. शेजारच्या गावातला एक मेंढपाळ कुंपणाच्या फटीतून मेंढ्या घेऊन थेट पट्टीवर आला होता. त्याला बाजूला केले तेव्हा त्याने विचारले, "इमान येतंय ते मला दिसतंय. मी येतोय ते त्याला दिसत नाय का?" एकदा लग्नाचे हेलिकॉप्टर नवरदेवाला न्यायला उतरले. निघायच्या वेळी आमचा एक विद्यार्थी उतरणीला लागला होता. उतरणाऱ्या विमानाला आधी वाट द्यावी लागते, म्हणून हेलिकॉप्टरचा वैमानिक थांबला. नवरदेवाचे मामा तडक माझ्या खोलीत आले.

"कुणासाठी थांबवलंय?"

"एक विद्यार्थी उतरतोय."

"पोरगं? शिकाऊ? अन् नवरदेव थांबलाय?"

मी सांगितले की हवेत असलेल्याला रस्त्याच्या कडेला उभे राहता येत नाही, जमिनीवरच्याला येते. मामांना ते पटले नाही. मुहूर्ताला उशीर झाला तर तुमचे नाव सांगीन, असे म्हणून ते गेले. सांगितले असावे.

हे प्रसंग मी वर्गात रंगवून सांगत असे. विद्यार्थी हसत. आपण त्या मामांपेक्षा वेगळे आहोत, असे त्यांना वाटे. मलाही तसेच वाटत होते.

नियम अवघड नाहीत. शहागंजातल्या रस्त्यावर जो मोठा तो आधी जातो. आकाशात उलट आहे: ज्याला वळणे जास्त कठीण त्याला आधी वाट. इंजिनाच्या विमानाने बिनइंजिनाच्या विमानाला वाट द्यायची, दोघांनीही गरम हवेच्या फुग्याला. एकाच प्रकारची दोन विमाने समोरासमोर आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे. आडवी आली, म्हणजे दोघांच्या वाटा पुढे एकमेकींना छेदणार असतील, तर ज्याला दुसरे विमान आपल्या उजव्या हाताला दिसते त्याने वाट द्यायची. त्याने दुसऱ्याच्या पुढून जायचे नाही, उजवीकडे वळून मागून जायचे.

आणि ज्याला वाट मिळाली त्याने काय करायचे? हा भाग परीक्षेत हमखास विचारला जातो. त्याने काहीच करायचे नाही. दिशा बदलायची नाही, वेग बदलायचा नाही. टक्कर होण्याची वेळ आलीच तर ती टाळण्याची जबाबदारी त्याचीही आहे. तोवर सरळ जायचे. कारण वाट देणारा माणूस तुम्ही सरळ जाणार हे धरूनच वळत असतो.

रेणुका शेळके हिला या प्रकरणात पैकीच्या पैकी गुण होते. पैठणजवळच्या मोसंबीच्या बागायतदाराची ही मुलगी. घरात तिच्याआधी कुणी विमानात बसलेलेही नव्हते. कमी बोलायची, वहीत आकृत्या स्वच्छ काढायची. एकटीने उड्डाण करण्याची परवानगी तिला नुकतीच मिळाली होती. असे पहिले उड्डाण झाले की आमच्याकडे विद्यार्थी कॅप्टन दाते यांच्या पाया पडतात. कॅप्टन दाते हे मुख्य प्रशिक्षक. आवाज चढवत नाहीत, चूक विसरत नाहीत. रेडिओवरसुद्धा विद्यार्थी त्यांना 'सर' म्हणत. खरे तर रेडिओवर माणसाला नाव नसते, विमानाला असते. मी एकदोनदा हटकले होते. कुणी फारसे मनावर घेतले नाही.

त्या दिवशी सकाळची हवा स्वच्छ होती. रेणुका पूर्वेकडच्या सरावाच्या भागातून एकटी परत येत होती. कॅप्टन दाते दुरुस्ती झालेल्या विमानाची चाचणी घेऊन दक्षिणेकडून, नाथसागर जलाशयाच्या बाजूने, एकटेच येत होते. दोघे एकाच उंचीवर. मी खोलीबाहेरच्या गच्चीत दुर्बीण आणि हातातला रेडिओ घेऊन उभा होतो. दोघांनाही एकमेकांची जागा सांगितली. दोघांनीही 'दिसतंय' असे उत्तर दिले. रेणुकाने पुढे 'सर' जोडले.

कॅप्टन उत्तरेकडे येत होते, रेणुका पश्चिमेकडे. म्हणजे ती त्यांच्या उजव्या हाताला होती. वाट त्यांनी द्यायची होती. तिने सरळ यायचे होते. यात शंका घेण्यासारखे काही नव्हते. ही आकृती मी फळ्यावर शेकडो वेळा काढली असेल.

आधी रेणुकाचे विमान डावीकडे कलले. मला वाटले, वाऱ्याचा झोका असेल. ते कललेलेच राहिले. ती वळत होती. कॅप्टनच्या मागून जाण्यासाठी ती त्यांना वाट देत होती. कॅप्टन सरळच येत होते. मग तेही वळले. नियमाप्रमाणे, उजवीकडे, तिच्या मागून जाण्यासाठी.

वाचकांनी कागदावर दोन बाण काढून पाहावेत. एक खालून वर, एक उजवीकडून डावीकडे. वर जाणारा बाण उजवीकडे वळवावा आणि दुसरा त्याच्या डावीकडे. दोन्ही टोके एकमेकांकडे होतात.

मी रेडिओवर काय बोललो ते मला आठवत नाही. नंतर ध्वनिमुद्रण ऐकले, त्यात मी काहीच बोललेलो नाही. बटण दाबल्याचा आवाज आहे आणि पुढे शांतता आहे. दुर्बिणीत दोन विमाने होती, मग एकाच जागी दोन्ही होती. मग एक पंख आभाळाकडे आणि एक जमिनीकडे असे काहीतरी दिसले, आणि ती दोन बाजूंना झाली. दोन्ही उजवीकडे वळली होती. इंजिनांचा आवाज माझ्यापर्यंत उशिरा पोचला. तोवर मी दुर्बीण खाली ठेवली होती. ती हातातून पडली होती असे खोलीतला मदतनीस म्हणतो.

दोघेही उतरले. रेणुकाने विमान जागेवर आणून इंजिन बंद केले आणि ती आतच बसून राहिली. कॅप्टन चालत कार्यालयात आले, खुर्चीवर बसले. चहा आला.  त्यांनी तो न पिताच टेबलावर ठेवला.

घटना नियमाप्रमाणे वर कळवली. संस्थेच्या पातळीवर विचारपूस करण्याचे काम माझ्याकडे आले. रेणुकाचे एकटीचे उड्डाण थांबवण्यात आले. संस्थेचे प्रमुख मला स्पष्टच म्हणाले, "नियम येत नसेल तर तिला ठेवता येणार नाही. उद्या दुसऱ्या कुणाला घेऊन मरेल." हे बोलणे कठोर असले तरी चूक नव्हते. मुलीचे शिक्षण संपते की राहते, हा प्रश्न त्या दिवसापासून टेबलावर होता.

मी रेणुकाला समोर बसवले.

"आडवी विमानं आली तर वाट कुणी द्यायची?"

"ज्याला दुसरं उजव्या हाताला दिसतं त्यानं, सर."

"तुला कॅप्टन कुठल्या हाताला दिसले?"

"डाव्या."

"मग वाट कुणी द्यायची होती?"

"सरांनी."

"तू का वळलीस?"

"सर होते ना," ती म्हणाली. "सरांना आडवं कसं जायचं?"

मी पेन खाली ठेवले. नियंत्रक म्हणून मी चुकांची अनेक कारणे ऐकली होती. दिसले नाही, ऐकू आले नाही, उंची चुकली, झोप झाली नव्हती. हे कारण कधी ऐकले नव्हते. तिला नियम येत होता. तो वळतानाही आठवत होता, असे तिने सांगितले. हात मात्र आधीच वळले होते.

"मग शेवटी उजवीकडे कशी वळलीस? तो नियम बरा आठवला."

"त्यात आधी कुणी जायचंच नसतं, सर. समोर आलं की दोघांनी पण वळायचं. त्यात मोठं-लहान नाय."

ती घाईत तिच्या घरच्या बोलीवर आली होती. या एका वाक्याचा मला त्या हुकलेल्या टकरीच्या क्षणाइतकाच धक्का बसला. दोन माणसे जिवंत राहिली ती याच कारणाने.

मग मला वाटले, ही एकटीच अशी आहे का? दुसऱ्या दिवशी विमाने उभी करण्याच्या फरसबंदीवर मी सगळ्या विद्यार्थ्यांना नेले. खडूने एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा काढल्या. एकीवरून कॅप्टन दाते चालणार, दुसरीवरून, त्यांच्या उजव्या हाताने, एकेक विद्यार्थी. सूचना एवढीच: तुम्ही विमान आहात, नियम पाळा. कॅप्टनना मी सांगितले होते की विद्यार्थी सरळ आला तरच वाट द्या.

पहिला थांबला. दुसरा थांबला. तिसरी मुलगी थांबली आणि तिने जीभ चावली. मुंबईहून आलेला एक विद्यार्थी होता, सगळ्यांशी बरोबरीने बोलणारा, कॅप्टनच्या मागे त्यांची नक्कल करणारा. तोही थांबला, आणि शिवाय हात पुढे करून म्हणाला, "सर, प्लीज." सगळे हसले. शेवटपर्यंत एकही जण कॅप्टनच्या पुढून गेला नाही. हसणे हळूहळू कमी होत गेले होते.

शेवटी मी स्वतः चाललो, पण कॅप्टनच्या डाव्या हाताने. म्हणजे आता हक्क त्यांचा होता, वाट मी द्यायची होती. मी मुद्दाम चालत राहिलो. कॅप्टन रेघेवर थांबले.

"का थांबलात?" मी विचारले.

"तुम्ही वयानं मोठे," ते म्हणाले. खाली खडूच्या रेघेकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी रेणुकाचे वडील अंबादासराव बोलावल्याप्रमाणे आले. पांढरा सदरा, टोपी, हातात मोसंबीची पिशवी. प्रमुखांच्या खोलीत प्रमुख, कॅप्टन, रेणुका आणि मी होतो. अंबादासरावांनी पिशवी टेबलावर ठेवली. प्रमुखांनी घडलेला प्रकार सांगितला आणि मुलीला पुढे ठेवता येईल असे वाटत नाही, असे म्हटले. अंबादासरावांनी मधेच विचारले, "म्हंजे पोरीनं दाते सरायला आधी जाऊ दिलं, ही तिची चूक?"

"हवेत ती चूक आहे," मी म्हणालो.

"साहेब, आमच्यात मोठ्या माणसाला कुणी आडवं जात नाय. तिचा आजा वसरीवरून उठला तर घरातलं माणूस जागचं हालत नसतंय. हे आम्ही शिकवलंय तिला. आता तुम्ही म्हंता, ते शिकवलं म्हणून ती मरत व्हती?"

"हो," मी म्हणालो. दुसरे उत्तर नव्हते.

अंबादासराव मुलीकडे पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी त्यांच्या घराचा पाया उकरून दाखवला असावा तसे ते पाहत होते. "तुला म्हाईत व्हतं हे?" त्यांनी तिला विचारले. तिने मान हलवली. "अन् तरी?"

तेव्हा कॅप्टन दाते उभे राहिले. ते बसून बोलतील अशी माझी अपेक्षा होती.

"मी उशिरा वळलो," ते म्हणाले.

प्रमुखांनी वर पाहिले.

"तिचं विमान मला आधीच दिसलं होतं. नियम मलाही माहीत होता. मी लगेच वळायला हवं होतं. मी सरळ येत राहिलो. मला वाटलं, ती वळेल. रेडिओवर सर म्हणाली होती. ती वाट देणार हे मी धरून चाललो होतो. मग नियम आठवला आणि वळलो."

मी मनातल्या मनात ते दोन बाण पुन्हा काढले. दोघांनी नियम पाळला असता तर काही झाले नसते. दोघांनी मोडला असता, ते सरळ आले असते आणि ती मागून गेली असती, तरी काही झाले नसते. तिने मोडला आणि त्यांनी उशिरा पाळला. कॅप्टननी माझ्यासमोरच्या पहिल्या चौकशीत हे सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते. मुख्य प्रशिक्षकाला तो प्रश्न विचारायचा असतो हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

"काल तुम्ही मला रेघेवर अडवलंत तेव्हा कळलं," कॅप्टन माझ्याकडे पाहून म्हणाले. "समोर मोठा असला की मी थांबतो, लहान असला की थांबत नाही. तिला काढायचं असेल तर आधी मला काढा."

प्रमुख काही बोलायच्या आत अंबादासराव म्हणाले, "सर, बसा. उभं राहून नका बोलू." सवय अशी सहज जात नाही.

दोघांचीही नव्याने परीक्षा घ्यावी, असे ठरले. तोवर कॅप्टननीही विद्यार्थ्यांना घेऊन उडायचे नाही. काही बदल त्याच आठवड्यात झाले. रेडिओवर 'सर' बंद झाले. आता कॅप्टन स्वतःच तो शब्द ऐकला की उत्तर देत नाहीत. पाया पडणे त्यांनी बंद केले. विद्यार्थी नाराज झाले. खडूच्या रेघांचा सराव मी अभ्यासक्रमात घेतला. फळ्यावरचे बाण मी अजून काढतो, पण बाणांना वय नसते हे आता जाणवते. एकाला 'गुरू' आणि दुसऱ्याला 'शिष्य' असे लिहूनच आकृती पुरी करतो.

रेणुकाच्या परीक्षेच्या दिवशी अंबादासराव न बोलावता आले. पिशवी होतीच. ते माझ्या शेजारी गच्चीत उभे राहिले. रेणुकाच्या विमानात दुसऱ्या संस्थेतून आलेले परीक्षक होते, कॅप्टनच्या विमानात दुसरे. दोन्ही विमानांच्या उंचीत पुरेसे अंतर ठेवले होते. टक्कर होणे शक्य नव्हते. रेणुकाला ते माहीत होते. मलाही माहीत होते. तरी कॅप्टनचे विमान दक्षिणेकडून आणि तिचे पूर्वेकडून दिसू लागले तेव्हा मी गच्चीच्या कठड्याला धरले.

"कुठलं तिचं?" अंबादासरावांनी विचारले.

मी दाखवले.

"अन् ते सरायचं?"

"हो."

"आता?"

"आता तिनं काही करायचं नाही."

रेडिओवर तिने आपली जागा सांगितली. विमानाचे नाव, दिशा, उंची. पुढे काही जोडले नाही. कॅप्टनचे विमान लवकर वळले, इतके लवकर की नवशिक्यालाही दिसावे. तिचे विमान सरळ येत राहिले. एकदा त्याचा डावा पंख किंचित खाली गेला. अंबादासरावांनी माझे मनगट पकडले. पंख पुन्हा सरळ झाला. ती कॅप्टनच्या पुढून पश्चिमेला निघून गेली.

"गेली का आडवी?" अंबादासरावांनी विचारले.

"गेली."

"सरायच्या पुढून?"

"पुढून."

त्यांनी माझे मनगट सोडले, टोपी काढली, कपाळ पुसले आणि टोपी पुन्हा घातली. "लई अवघड," ते म्हणाले. मुलीबद्दल म्हणाले की स्वतःबद्दल, ते मी विचारले नाही.

दोघेही परीक्षेत उत्तीर्ण झाले. निकाल सांगण्यासाठी सगळ्यांना कार्यालयात बोलावले. मी आणि अंबादासराव दारापाशी आधी पोचलो होतो. कॅप्टन एका बाजूने आले, रेणुका दुसऱ्या बाजूने. दाराशी पोचताच रेणुका थांबली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

कॅप्टनही थांबले. "शेळके, माझ्या उजव्या हातानं कोण आलं?"

"मी."

"मग?"

तिने वडिलांकडे पाहिले. अंबादासराव पिशवीचे तोंड उघडून मोसंब्या पाहत होते. एकही उचलत नव्हते. ती नजर खाली घालून, पण न थांबता, कॅप्टनच्या पुढून आत गेली. ती आत पोचेपर्यंत अंबादासरावांनी पिशवीतून डोके वर काढले नाही.